निळी रेघ

५ फेब्रुवारी

लिही सूनबाई. आज मी लेकीकडचा मुक्काम हलवून लेकाकडे आले, आणि फार खुशीत आहे. खुशीत आहे असंच लिही, भुवया नको उंचावूस.

मला अक्षर येत नाही. शाळेचा उंबरठा मी फक्त झाडायला ओलांडला. पण डॉक्टरीणबाईंनी लेकाला बजावलंय, की म्हाताऱ्या माणसाची जीभ चालती राहिली म्हणजे डोकं चालतं राहतं. म्हणून ही रोजनिशी. ठरलंय ते असं: मी बोलेन ते सगळं सूनबाईनं लिहायचं, तिच्याविषयी वाकडं बोलले तरी लिहायचं, आणि मी थांब म्हणेपर्यंत पेन खाली ठेवायचं नाही. तिनं विचारलं, मी काय लिहिलं ते तुम्हाला कळणार कसं? मी म्हटलं, तुझ्या तोंडावरून. तेव्हा जरा हसली. नाहीतर आल्यापासून तोंड असं, की मी पाहुणी नसून जप्तीवाली आहे.

घर नीटस आहे. पुढे बैठकीची खोली, तिच्यामागे माझी, मग स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरातून एक दार लेकाच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे मोटारीची खोली, पण मोटार बिचारी रस्त्यावर उन्हात उभी. आत भिंतभर खिळ्यांवर साखळीकरवती टांगल्यात, झाडं कापायच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या. जुन्यापुराण्या, गंजक्या, कोणी फेकून दिलेल्या. लेक त्या आणतो, खोलून पुर्जा न पुर्जा रॉकेलमध्ये बुडवतो, दात घासायच्या ब्रशनं घासतो (सूनबाईचे दोन ब्रश असेच गेले, ते तिनं मला आल्या आल्या सांगितलं), कानशीनं एकेक दात धारेला लावतो आणि पुन्हा बोलत्या करतो. त्यांना तो म्हाताऱ्या म्हणतो. मी म्हटलं, मग मलाही खिळ्याला टांग.

माझा पलंग आलाय बरोबर. शिसवी. ह्यांनी स्वतःच्या हातानं केलेला. हे लाकडाच्या वखारीत करवतींना धार लावायचे, जन्मभर.

९ फेब्रुवारी

आज एक नवी म्हातारी आली. नवी म्हणजे सगळ्यांत जुनी. हिरवट रंगाची, वासरासारखी जड. ज्यानं आणून दिली त्यानं गाडीचं इंजिनसुद्धा बंद केलं नाही. चहा घ्या म्हटलं, तर जणू विष देतोय अशा नजरेनं बघितलं. करवत त्याच्या भावाची. भाऊ झाडं तोडायचा, आता तोडत नाही. लेकानं भावाचा फोन नंबर मागितला, मशीनविषयी दोन शब्द विचारायचे म्हणून. तो म्हणाला, भाऊ आता फोन धरत नाही. आणि गेला.

तिची साखळी वेगळी काढून गोणपाटात गुंडाळली होती, वरून तारेचे वेढे. लेक हसला, म्हणाला, पळून जाणार होती का ही? पत्र्याच्या डब्यात एक पाना आणि निळ्या पेन्सिलीचं थोटूक निघालं. ते त्यानं कानावर खोचलं.

लेकानं बाजूचं झाकण खोललं तेव्हा मी तिथंच होते. आत भुसा दाटलेला. कित्येक वर्षं पडून असलेलं यंत्र, भुसा कसा असावा? वाळका, मातीसारखा. हा ओला होता. चिमटीत घेऊन हुंगला. झाडाचा वास नव्हता. कसला होता ते आठवेना. लेकाला सांगितलं, तर म्हणाला, आई, तुझं नाकपण रिटायर झालंय.

१४ फेब्रुवारी

पलंग उंच आहे, बसलं की माझे पाय लोंबतात. पाळण्यातल्या पोरासारखे, असं सूनबाई म्हणाली. मी म्हटलं, तूच झोके दे. तर लेकाच्या मनात आलं, की पलंगाचे पाय चार बोटं कापावेत. आणि हिरवी म्हातारी आजच तयार झालेली, तेव्हा तिची पहिली चाचणी त्यावरच.

पलंग मागच्या अंगणात नेला. तो हलू नये म्हणून मी एका पायाला माझा पाय लावून उभी राहिले. लेकानं त्या निळ्या थोटकानं रेघ ओढली, ती लाकडावरून निघाली ती सरळ माझ्या घोट्यावरून गेली. तो म्हणाला, आई, तुलाही तेवढीच कमी करतो. तिघंही हसलो. सूनबाई तर पदर तोंडाला लावून हसली.

तीन पाय लोणी कापावं तसे कापले. चौथा, माझ्या घोट्याजवळचा, निम्मा कापला आणि करवत गुदमरून बंद पडली. लेकानं चालू करायची दोरी ओढून ओढून बघितली. नाही म्हणजे नाही. मग उरलेलं त्यानं हातकरवतीनं उरकलं.

मी म्हटलं, असं करू नये. ह्यांची वखारीतली शिस्त होती. नवी धार लावली की पहिला काप जाळायच्या ढलपीवर घ्यायचा, घरच्या वस्तूवर नाही. आणि तो काप त्याच करवतीनं पुरा करायचा. अर्धा सोडायचा नाही, दुसऱ्या पात्यानं उरकायचा नाही. एकदा एका गिऱ्हाइकाच्या घाईपायी अर्धा राहिला, तर हे संध्याकाळपर्यंत जेवले नव्हते. लेकानं ऐकलं, आणि कानांवर ते डबे चढवले. यंत्राचा आवाज लागू नये म्हणून असतात ते. यंत्र तर बंदच होतं.

१८ फेब्रुवारी

घोट्यावरची रेघ जात नाही. साबण लावला, तेल लावलं, वीट घासली.

पलंग डुगडुगतो. तोच, चौथा पाय आखूड. लेकानं पुठ्ठा घातला. काल दुपारी मी बाहेरच्या खोलीत बसले होते, परत आले तर पुठ्ठा असून पलंग पुन्हा कललेला. पायाखाली भुशाची लहानशी रास. आज आणखी.

भुसा मी ओळखते. शिसव आहे. ह्यांनी रंधा मारला तेव्हा घरभर हाच वास होता.

लेकाला नेऊन दाखवला. तो लाल झाला. म्हणाला, आई, तुला इथं राहायचं नसेल तर तसं सांग, हातकरवत घेऊन हे उद्योग कशाला करतेस? माझ्या पोटचा पोर हे मला म्हणाला. मी म्हटलं, माझ्यानं लिंबू कापवत नाही, शिसव कापीन होय? त्यानं डबे चढवले.

सूनबाई लिहिताना वर बघत नाहीये. तिलाही तेच वाटतं. लिही, वाटतं म्हणून लिही.

२१ फेब्रुवारी

सूनबाईला आता वाटत नाही.

आज सकाळी लेक रस्त्यावर मोटार धूत होता. ही स्वयंपाकघरात होती, मी इथं. कारखान्यातून आवाज आला. पुरा नाही. कुत्रं गुरगुरून गप्प होतं तसा. हिनं दार उघडलं. हिरवी करवत खिळ्यावरच होती. टाकी कोरडी, लेकानंच रिकामी केलेली. साखळी वेगळ्या खिळ्याला. आणि साखळी हलत होती, नुसती, वारा नसताना.

ही माझ्याकडे आली आणि माझ्या पलंगावर बसली. पहिल्यांदा बसली. पलंग इतका कलला की दोघी एका अंगाला घसरलो. मी म्हटलं, बघ, शेवटी माझ्याच अंगावर आलीस. हसली नाही. माझा हात घट्ट धरून बसली.

२४ फेब्रुवारी

चौथ्या पायाचं थोटूक उरलंय. मी लेकाला हात जोडले. म्हटलं, तिचा काप पुरा करू दे, त्याच करवतीनं, त्याच पायावर, मग सुटलो.

त्यानं मानलं एकदाचं. साखळी चढवली, पेट्रोल भरलं. दोरी ओढली. खांदा निखळेपर्यंत ओढली. चालू झाली नाही. हात पुसायचं फडकं तिच्यावर ठेवलं तर ते गरम झालं. थंड यंत्र, आणि फडकं गरम.

तिला लाकूड नकोय. हे मी बोलले नाही. आत्ता बोलते.

त्यानं रागानं पलंग फोडला आणि अंगणात जाळला. ह्यांचा पलंग. मला म्हणाला, झालं समाधान? मग करवत मोटारीत टाकून भंगारवाल्याकडे देऊन आला. मी खाली गादीवर झोपते आता.

२५ फेब्रुवारी

करवत खिळ्यावर आहे.

लेक ओरडतोय की मी आणली नाही. आम्ही कुठं म्हणतोय तू आणलीस.

२६ फेब्रुवारी

सकाळी उठले तर घोट्यावर, अगदी रेघेवर, केसाएवढा चरा. रक्त थोडंच. पण सरळ. कात्रीनं कापड कापावं तसा सरळ.

लेक घाबरला. आता घाबरला. करवत आणून देणाऱ्या त्या माणसाकडे गेलाय, त्याच्या भावाला गाठायला.

सूनबाई म्हणाली, रेघच नको ठेवायला. रंग काढायचं थिनर आणलं, फडकं घेतलं, आणि माझा पाय मांडीवर घेऊन घासत बसली. कातडं सोलवटलं, तरी घासत होती, आणि रडत होती. मी म्हटलं, अगं, सासूचे पाय धुणाऱ्या सुना गेल्या कधीच, तू कुठली उरलीस? तेव्हा रडता रडता हसली. आणि रेघ गेली. खरंच गेली. फडकं निळंभोर झालं, घोटा कोरा.

किती बरं वाटलं म्हणून सांगू. आम्ही दोघींनी चहा केला. तिनं माझ्या कपात दोनदा साखर घातली, चुकून. मी प्यायले.

संध्याकाळी

लेक आला. भाऊ भेटला त्याला. दाराशी बसला होता, सदऱ्याच्या दोन्ही बाह्या रिकाम्या. त्यानं एवढंच विचारलं, अर्धं काय राहिलं? लेकानं सांगितलं. तर तो म्हणे हसला, वाईट हसला, आणि म्हणाला, आता तुमची झाली, मला बरं वाटतंय. खांद्यानं दार लोटता लोटता एक बोलला: रेघ हातानं पुसायला जाऊ नका.

मी म्हटलं, पुसून झालीसुद्धा, आणि बघ, काही नाही. पाय दाखवला.

सूनबाई उठून भांडी घासायला गेली. आत्ता लिहितेय ती लांब बाह्यांचं घालून. थंडी वाजते म्हणाली. वाजत असेल.

२७ फेब्रुवारी

लेकानं कारखान्याचं दार खिळे ठोकून बंद केलं. आतून गुरगुर. थांबते. पुन्हा.

माझा पाय बरा आहे. चरा भरत आला. मग ती कशाला गुरगुरते?

उद्या लेकीकडे. तिघंही.

२८ फेब्रुवारी

सामान बांधलं. मोटार चालू होईना, लेक ढकलायला माणूस बघायला गेलाय. आम्ही दोघी पुढच्या खोलीत. सूनबाई म्हणाली, तुम्ही बोला, मी लिहिते, म्हणजे वेळ जाईल. शहाणी आहे. आल्या दिवशी मी हिला काय काय बोलले. ते खोड. नको, राहू दे. त्याच्यापुढे लिही, की सासूनं शब्द मागे घेतले. लिहिलंस? तोंडावरून कळतंय, लिहिलंस.

खिळे निघाल्याचा आवाज आला. एक. लाकूड फाटतंय.

तू लिहीत राहा, तिकडे बघू नकोस —

दोरी ओढल्याचा आवाज. कोण ओढतंय? लेक तर बाहेर —

चालू झाली. पुरी. पहिल्यांदा पुरी चालू —

सूनबाई, मी पुढे होते, तू दार गाठ. माझा घोटा आहे तो, माझं देणं आहे, तिला मी — तू उठत का नाहीस? हात का लपवतेस? बाही वर कर. कर म्हणते ना —

बाई गं. मनगटावर. मला अक्षर येत नाही, पण ही रेघ ओळखते मी. कधीपासून? पुसलीस तेव्हापासून? आणि बोलली नाहीस —

स्वयंपाकघरात आलीय. भुसा उडतोय दारातून —

पेन टाक. हात माझ्याकडे दे, माझ्या अंगाखाली घे. पेन टाक पोरी, आता काही लिहू नकोस, थांब, मी थांब म्हणतेय ना, थांब, था