उथळ विवराची निरवानिरव

मी, चष्म्याच्या काचा घासणारा कारागीर, वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर, छातीचं दुखणं वाढलं असलं तरी देवाच्या कृपेने पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवत आहे.

शुद्धीबद्दल धाकट्या भावाला शंका आहे. मी गच्चीवर एकटाच बोलतो, हे त्याने ऐकलं. "दादा, वेड्याचं मृत्युपत्र कोर्टात टिकत नसतं," असं तो माझ्या मुलीदेखत म्हणाला. म्हणून खुलासा करतो.

चंद्र अर्धा होण्याच्या सुमारास, उजेड आणि अंधाराच्या सीमेवर एक उथळ विवर दिसतं. कणकेत अंगठा हलकेच टेकवावा, एवढंच खोल. उत्तरेचा काठ झिजलेला, तळ सपाट. ऊन तिरपं असेतोवरच ते आहे; दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की तिथे काही होतं असं कोणी म्हणणार नाही. मी दुर्बिणीला डोळा लावून सांगायचो आणि पत्नी माझ्या मागे बसून, स्वतः न पाहता, रेखाटायची. रेखाटणाऱ्याने पाहिलं की तो मनाचं घालतो, असं तिचं म्हणणं. ती गेली. मी अजून मोठ्याने सांगतो. मागे कागदावर पेन्सिल फिरू लागते. वळलो की थांबते, म्हणून मी वळत नाही.

डॉक्टरांनी तपासताना विचारलं, "आवाज ऐकू येतात?"

"एकच."

"काय म्हणतो?"

"'अहो, एवढ्याशा खड्ड्यात इतकी काळी सावली कशी? नीट बघा.'"

"मग?"

"मग नीट बघतो. तिचंच बरोबर निघतं."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

सबब, राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि दुर्बीण माझ्या मुलीची. घर विकण्यासाठी भावाने तिच्या मागे लागू नये. काचा घासण्याचं यंत्र भावाला. त्याचा हात माझ्याहून चांगला होता. वडिलांनी त्याला हे कधी सांगितलं नाही, मी सांगतो. त्याच्यावरचा राग मागे ठेवून जात नाही.

बाळ, आई गेल्यापासून तू गच्चीची पायरी चढली नाहीस. सक्ती नाही. पण चढशील तेव्हा जे दिसेल ते मोठ्याने सांग आणि जरा थांब. कोणी चूक काढली तर घाबरू नकोस, आईच ती. दोघांनी मिळून काढली, तर समज, मीही पोचलो.

लिहून देणार : सही
साक्षीदार : १. डॉक्टर, सही. २. शेजारचे शिंपी, सही.
स्थळ : राहतं घर, पुढची खोली
दिनांक : शिक्क्याप्रमाणे