तरसाचा हात

१९ ऑगस्ट २०१८, रविवार

झालं एकदाचं! ऋषीच्या तरसाचं — अंगात घालायच्या सोंगाचं — डोकं पुरं झालं. चार महिने लागले. फोम, गरम गोंद आणि रविवार पेठेतून आणलेलं केसाळ कापड. ते घेताना दुकानदार म्हणाला होता, टेडी तयार मिळतात, या वयात शिवत कशाला बसता? ऋषीनं शांतपणे आणखी दोन मीटर मागितलं होतं.

आज बिबवेवाडीला त्याच्या घरी सगळा सूट पहिल्यांदा चढवून बघितला. आतून जवळजवळ काहीच दिसत नाही — डोळ्यांच्या जागी जाळी, पुढे हातभर जमीन, बस. म्हणून सूटवाल्याबरोबर एक हँडलर लागतो. त्यानं हात धरून चालवायचं, स्ट्रॉनं पाणी पाजायचं, वीस मिनिटं झाली की बाहेर काढायचं. आणि सगळ्यात कडक नियम — सूटमध्ये असताना तोंडातून शब्द काढायचा नाही. जनावर बोललं की मजा गेली! म्हणून आम्ही खुणा ठरवल्या. पंजा एकदा दाबला की थांब, दोनदा दाबला की पायरी.

तीन मजले उतरलो. खाली पोचल्यावर त्यानं हात लगेच सोडला नाही. मीही सोडला नाही.

२२ ऑगस्ट, बुधवार

ऑफिसात चौदा बग शोधले. एकही माझा नाही. सॉफ्टवेअर टेस्टरच्या नोकरीत हे एक सुख आहे — चुका कायम दुसऱ्याच्या.

२ सप्टेंबर, रविवार

एका पेपरच्या पुरवणीला आमच्यावर लेख करायचा आहे. "पुण्यातले फरी." आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून आनंदीआनंद. मग शेफालीनं विचारलं, फरी म्हणजे काय हे त्यांना एका वाक्यात सांगणार कसं? दीडशे मेसेज झाले, वाक्य काही ठरेना. शेवटी एवढं जमलं — माणसांसारखे चालणारे-बोलणारे प्राणी ज्यांना आवडतात, जे त्यांची चित्रं काढतात, गोष्टी लिहितात, सूट शिवतात आणि स्वतःसाठीही एक प्राणी निवडतात, ते लोक.

आम्ही अकरा जण. त्यात सहा लांडगे. (लांडग्यांचं हे असंच असतं म्हणे, जगभर.) शेफाली घार आहे. ऋषी तरस. मी मसण्या उद — उदमांजर. हिंगणघाटला आमच्या माळ्यावर एक होतं. मढी उकरून खातं म्हणून लोक त्याला घाबरायचे. प्रत्यक्षात ते पपया खायचं. एवढं बदनाम आणि एवढं गरीब जनावर दुसरं नसेल. मला ते तेव्हापासून आपलं वाटतं.

६ सप्टेंबर, गुरुवार

३७७चा निकाल लागला. आता आम्ही गुन्हेगार नाही.

दुपारी कँटीनमध्ये टीव्हीवर लोक रडत होते, नाचत होते. शेजारच्या टेबलावर कोणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे हसले. मीही हसलो. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

ऋषीचा मेसेज आला — पेढे कुठले आणू? मी फक्त अंगठा पाठवला. एप्रिलमध्ये मी एकट्या त्यालाच सांगितलं होतं. अख्ख्या जगात एकाच माणसाला. तो म्हणाला होता, मला माहीत होतं, मी पण. मग आम्ही दोघं चहा प्यायलो, बस. पण त्या दिवसापासून मला पुणं आपलं वाटायला लागलं, हे खरं.

९ सप्टेंबर, रविवार

आज शेफालीच्या घरी मीटिंग झाली. पेपरवाल्यांना काय सांगायचं, यावर. तीन तास! अजून डोकं ठणकतंय.

ग्रुप चालवतो तो श्रीनिवास. लांडगाच. त्यानं दोन वाक्यं लिहून आणली होती. एक — फरी असण्याचा लैंगिकतेशी संबंध नाही. दोन — आमच्यात तसलं कोणी नाही. नेटवर आमच्याबद्दल काय काय लिहिलेलं असतं ते त्यानं वाचून दाखवलं. ते वाचून आपल्याच घरच्यांना आपण कोण वाटू, असं त्यानं विचारलं.

शेफाली बोलली ते तर मला पटलंच. तिच्या घारीचं चित्र टाकलं की तासाभरात अनोळखी पुरुषांचे घाण मेसेज येतात. पंख आवडतात म्हणून चित्र काढते, म्हणाली, मला एक तरी जागा अशी हवी जिथे हा विषय नाही. चूक कुठे आहे त्यात?

ऋषी मग म्हणाला, "पहिलं वाक्य मला मान्य आहे. दुसरं खोटं आहे. या खोलीतच खोटं आहे."

सगळे फरशीकडे बघायला लागले. तो बोलत राहिला. आवाज नाही चढवला. तरस किळसवाणं असतं असं सगळे म्हणतात, म्हणून मी तरस झालो, म्हणाला, लपायला नाही झालो. लोक आपल्याला घाण समजतात तर आपण आपल्यातल्याच काहींना घाण ठरवून स्वच्छ व्हायचं का? आणि आता तर कायदाही बाजूनं आहे.

श्रीनिवास म्हणाला, "कायद्याचं ठीक आहे रे. सोसायटीच्या चेअरमनचं काय?"

लोक हसले. हसल्यावर मतं घेतली. दोन्ही वाक्यांच्या बाजूनं सात हात वर झाले.

सातवा माझा होता.

ऋषीनं बघितलं. फक्त बघितलं. मला वाटलं आता तो सांगून टाकणार माझं. नाही सांगितलं त्यानं. माझ्या डोळ्यांसमोर सारखे बाबा येत होते — कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झालेले, रोज पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारे. मी हात वर केला तो त्यांच्यासाठी. निदान मी तसं स्वतःला सांगतोय.

वर पेपरवाल्यांशी बोलायला मलाच निवडलं! का, तर "विदर्भातला असून तुझं मराठी बरंय."

११ सप्टेंबर, मंगळवार

ऋषीला फोन केला. माफी मागायची होती. तो गोंदाबद्दल बोलत राहिला, जबडा सैल झालाय म्हणाला. मी माफी मागितली नाही.

१७ सप्टेंबर, सोमवार

गणपतीत घरी गेलो नाही, ऑफिसातल्या रिलीजचं कारण सांगितलं. आई म्हणाली, काही सांगायचं असलं तर सांगत जा. मी म्हटलं, काय सांगायचं, सगळं ठीक आहे. मग ती मोदकांचं बोलायला लागली.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

परवा बागेत फोटो आणि मुलाखत. पुरा झालेला सूट एकट्या ऋषीचाच, त्यामुळे त्याला येणं भाग आहे. मला वाटलं होतं तो हँडलर दुसरा मागेल. मेसेज आला — "तूच ये. दुसऱ्याचा हात धरून मला चालता येत नाही." हे वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. ऑफिसच्या. नळ सोडून.

३० सप्टेंबर, रविवार

लिहायला हात उठत नाही. पण लिहितो.

सकाळी नऊला बागेत गेलो. ऊन कडक होतं. तरस सुंदर दिसत होतं — पाठीवर आयाळ, तो वाकडा जबडा, पोटावर पट्टे. पोरं धावत आली, आया सेल्फी काढायला लागल्या. मी त्याचा पंजा धरून फिरवत होतो. दोनदा दाबला की पायरी. सगळं छान चाललं होतं.

मग पत्रकार बाई आल्या. चांगल्या होत्या, उगाच वाईट लिहिणार नाही. सुरुवातीला सूट कसा शिवतात, उकडत नाही का, असंच विचारलं. मग वही पुढे करून म्हणाल्या, राग मानू नका, पण तुमच्यात समलिंगी लोक बरेच असतात असं ऐकलंय.

पंजा माझ्या हातात होता. ऋषी सूटच्या आत होता आणि आत बोलायचं नसतं.

मी म्हणालो, "नाही हो, आमच्यात तसलं कोणी नाही."

आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर! पण बाईंनी मान हलवली तसा मला धीर आला. मी पुढे बोललो — एखादा आलाच तरी आम्ही त्याला राहू देत नाही, फॅमिली ग्रुप आहे आमचा. हे तर ठरलंही नव्हतं. कोणी सांगितलंही नव्हतं. हे माझं मीच जोडलं.

पंजा एकदा दाबला गेला. थांब.

मी थांबलो नाही. नियम-बियम समजावून सांगत राहिलो. मग पंजा सुटला.

तो एकटाच चालायला लागला. दिसत नव्हतं त्याला काही. आधी बाकाला धडकला, मग कारंज्याच्या कठड्याला, मग गुडघ्यावर पडला. लोकांना वाटलं खेळ चाललाय. टाळ्या वाजवल्या! फोटोग्राफरनं फोटो काढला. पोरं "कोल्हा पडला, कोल्हा पडला" म्हणून नाचत होती. तो उठला आणि पुन्हा चालायला लागला, एक शब्द न बोलता. डोकं काढलं असतं तर दोन पावलांत दिसलं असतं सगळं. नाही काढलं. आत तो कसा दिसत असेल ते कोणाला दिसू नये म्हणून नाही काढलं, हे मला कळत होतं. पाण्याची बाटली माझ्याच हातात राहिली.

मी धावलो नाही. बाई बघत होत्या ना.

७ ऑक्टोबर, रविवार

लेख आला. माझ्या नावासकट, फोटोसकट. वाक्य जसंच्या तसं. श्रीनिवासनं ग्रुपवर लिहिलं, शाब्बास, एकदम स्वच्छ लेख. ऋषीनं सकाळीच ग्रुप सोडला. त्याच्यानंतर आणखी दोन लांडगे गेले. ते का गेले ते मला आज कळलं. म्हणजे तेही! आणि त्यांचेही हात त्या दिवशी वर होते.

१४ ऑक्टोबर, रविवार

बिबवेवाडीला गेलो. दार ऋषीनंच उघडलं. सामान खोक्यांत भरलेलं. हैदराबादच्या एका स्टुडिओत नोकरी मिळाली, उद्या निघतोय, म्हणाला. त्याच्या गुडघ्यावर खपली धरली होती.

पाठ केलेलं सगळं म्हटलं. चुकलो, घाबरलो, आईबाबा वाचतील म्हणून. त्यानं ऐकून घेतलं. चहासुद्धा दिला.

मग म्हणाला, "आत बोलायचं नसतं म्हणून गप्प होतो. बाहेर आल्यावर बोलावंसं वाटलं नाही."

एवढंच. मी विचारलं, सूट नेतोस ना? म्हणाला, शेजारच्या शाळेला दिला, गॅदरिंगला होईल त्यांना. खाली उतरताना मी कठडा धरून उतरलो, म्हाताऱ्यासारखा.

२१ ऑक्टोबर, रविवार

आईचा फोन आला. मावसभावानं लेख तिला व्हॉट्सॲपवर पाठवला. बाबांनी दोनदा वाचला म्हणे.

आई म्हणाली, "मले तर दोन वर्षांपासून वाटत होतं, तू तसा आहे म्हणून. तुझ्या बाबालेही. तो निकाल लागला न, त्या दिवशी तेच म्हणाले, पोराले फोन लाव, म्हणा घरी ये, जे असन ते बोलू, आपलाच आहे. म्या म्हटलं राहू द्या, तो सांगन तेव्हा सांगन. मनाची सगळी तयारी करून बसलो होतो पाहाय. अन् आता वाचलं त तसं काहीच नाही. बरं झालं न बाबू?"

मी म्हणालो, "हो."