गेटवरची सहा हेल्मेटं

प्रिय आबा,

साताऱ्यात माझं ठीक चाललंय. फोनवर आपण दोघंही फार बोलत नाही, म्हणून लिहिते.

कामगारांचे कामावर येता-जाता जे अपघात होतात, त्यांवर आमची टीम संशोधन करते. या महिन्यात तीन विद्यार्थी इंटर्न आले. त्यातली चंदना सांगलीची, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. कमी बोलते, नीट टिपते. कुपवाडच्या कंपनीत, तुम्ही पहारा देता त्याच गेटवर, हेल्मेटं मोजायला तिला पाठवलं. पहिल्या दिवशी अठ्ठेचाळीस दुचाक्या आणि अठ्ठेचाळीस हेल्मेटं. जानेवारीत मीही तेवढीच मोजली होती. चहाच्या गाड्यावरचा एक कामगार तिला हसून म्हणाला, "ताई, गेटवर उभं राहून काय कळनार? हितं कोपऱ्यावर थांबा की." ती थांबली. कोपऱ्यावर दुचाक्या तेवढ्याच, पण हेल्मेटं बेचाळीसच भरली. मग तिने गेटवरच्या हेल्मेटांच्या खुणा टिपल्या. सहांवर पांढऱ्या रंगात एक ते सहा आकडे होते. तिने फोटो पाठवला आणि चारचा आकडा मी ओळखला. माझ्या हॉस्टेलच्या ट्रंकेवर खोलीचा नंबर तुम्ही तसाच काढला होता.

ती सहा हेल्मेटं तुम्ही केबिनमध्ये का ठेवलीत, हे कळतं. हेल्मेट नसेल तर कंपनी आत घेत नाही, माणसाचा दिवस बुडतो. फौजेतही कुणाचं सामान कमी पडलं की तुम्ही आपलं काढून द्यायचात, असं आई सांगते. "घाल रं गड्या, आत गेल्यावर खिळ्याला अडकव," एवढंच म्हणत असाल. जानेवारीत तुमचा डबा घेऊन केबिनमध्ये आले, तेव्हा मी ती पाहिली होती. पाहुण्यांसाठी असतील, असं स्वतःला सांगितलं आणि शंभर टक्के लिहून टाकलं. मार्चमध्ये तुमच्या कंपनीतला अतिशय नावाचा तो पोरगा गेला. वय तेवीस. घरी जाताना उसाच्या ट्रॉलीवर आदळला, मार डोक्याला. त्याच्याकडे स्वतःचं हेल्मेट नव्हतं. तेव्हापासून तुम्ही जेवताना मान वर करत नाही, असं आई म्हणते. त्यामागचं कारण मी तिला सांगितलेलं नाही.

सोमवारी अहवाल जाईल. त्यात सहा हेल्मेटं आहेत, माझी जानेवारीची चूकही आहे. तुमचं नाव नाही, पण दिवसपाळीला त्या गेटवर पहारेकरी एकच आहे. नोकरी जाऊ शकते. तरी मी लिहिलं. पत्र मात्र त्यासाठी नाही. काल चंदना अतिशयच्या आईला भेटून आली. गेटच्या वहीत त्या सकाळी त्याच्या नावापुढे 'हेल्मेट आहे' असं तुमच्या अक्षरात लिहिलेलं आहे. रस्त्यावर ते सापडलं नाही. त्यामुळे त्याची आई अजून येईल त्याला विचारते, "माझ्या पोराचं हेल्मेट कुनी न्हेलं?" त्याला उचलून दवाखान्यात पोचवलं तिच्या शेजारच्या हरिबांनी, आणि तिचा संशय त्यांच्यावरच आहे. चार महिने ती त्यांच्याशी बोललेली नाही. रविवारी मी पहिल्या एसटीने येते. आपण दोघं तिच्याकडे जाऊ. ते हेल्मेट तुमच्या सहांतलं होतं, हे आधी तुम्ही सांगा. मग मी सांगेन.

तुमचीच,
प्रियदर्शनी