तीन गावांना दिलेला शब्द

आदरणीय थोरल्या आत्या,

तुमच्या गुडघ्यांची चौकशी करण्याआधी एक चूक दुरुस्त करू द्या, नाहीतर मला पुढचं काही सुचणार नाही. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की बाबांनी दोन गावांना ‘आम्ही तुमच्याकडेच राहायला येतो’ असा शब्द दिलाय. दोन नाही, तीन. शिवाय ओमारूच्या किनाऱ्यावर पेंग्विन पाहून आई हसली असंही लिहिलं होतं. आई हसत नव्हती, तिचे दात वाजत होते. मी लांब उभी होते.

आता गुडघे. ते बरे असोत, तुमच्या कोंबड्या बऱ्या असोत आणि तिकडे आपल्या बेटावर, वावाऊत, यंदा रताळी भरपूर होवोत. आम्ही इथे ऑकलंडला आहोत तसे आहोत. आईची छाती सकाळी वाजते, दुपारी जरा मोकळी होते. माका चौदाचा झाला आणि त्याच्या पँटी सगळ्या अकराच्या आहेत. बाबांचा आवाज देवदयेने ठणठणीत आहे. सगळा घोळ त्या आवाजाचाच आहे. (हे मी आदराने म्हणतेय.)

घरमालकाने हे घर विकलंय, ते तुम्हाला ठाऊक आहे. ख्रिसमसच्या आधी बाहेर पडायचंय. घराचं दुःख नाही. मागच्या खोलीच्या भिंतीला इतकी बुरशी आहे की माका तिच्यात देशांचे नकाशे शोधतो. डॉक्टर म्हणाले, आईला कोरडं घर हवं. ऑकलंडातलं कोरडं घर आपल्या आवाक्यातलं नाही, म्हणून लहानशा गावात जायचं ठरलं, आणि घरात शाळेच्या पुढे शिकलेली मी एकटी, म्हणून गाव निवडायचं काम माझ्याकडे आलं. सगळंच माझ्याकडे येतं. विजेच्या कंपनीचा फोन, माकाच्या शिक्षकांची तक्रार, आईचा खोकला सुद्धा. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून डॉक्टर मला विचारतात खोकला कसा आहे, मी आईला विचारते, आई मला सांगते, मी डॉक्टरांना सांगते, आणि मध्येच मला स्वतःलाच खोकला येतो.

मला वाटलं होतं, एका शनिवारी जाऊन गाव पाहायचं आणि परत यायचं. पण आपल्यात गाव नुसतं पाहता येत नाही. गावात आपले लोक असतात, लोकांचं चर्च असतं, चर्चमध्ये रविवार असतो, रविवारी जेवण असतं, आणि जेवणानंतर पाहुण्याने उभं राहून आभार मानायचे असतात. पाहुणा म्हणजे बाबा.

पहिलं टोकोरोआ. लाकडाच्या कारखान्याचा वास गावाच्या वेशीपासून येतो. बाबांनी खिडकी उघडली आणि म्हणाले, “हा कामाचा वास आहे!” आई म्हणाली, “तो तुमच्या बनियनला येतो तेवढा पुरे झाला.” मी आईला औषधांच्या दुकानाशी सोडलं आणि गाडीत बसून राहिले (मला थकवा आला होता). लगेच दारातून हाक आली, “कालो! अगं, ही बाई काय विचारतेय बघ!” दुपारच्या भाषणात बाबा म्हणाले की इथल्या लोकांचं प्रेम पाहून आमची हाडं याच मातीत पडावीत. म्हाताऱ्या बायका रडल्या. मी हातातल्या उकडलेल्या तारोच्या कंदाकडे बघत बसले.

मग लेविन. तिथे मी पुन्हा गाडीत बसले. आई दुकानातून पायाच्या भेगांचं मलम घेऊन आली. म्हणाली, “पोरगी इतकी गोड हसली, नको कसं म्हणू?” आईच्या पायांना भेगा नाहीत. चर्चमध्ये बाबांनी हाडं पुन्हा काढली, आणि ती आता लेविनच्या मातीत पडायला तयार झाली. परतताना मी धीर करून विचारलं,

“बाबा, आपण फक्त पाहायला आलो होतो ना?”

“अगं, त्यांनी अख्खं डुक्कर भाजलं. त्यांना काय सांगू, बघून कळवतो म्हणून?”

“मग टोकोरोआला काय सांगायचं?”

बाबा खरोखर चिंतेत पडले. “टोकोरोआवाल्यांनी दोन भाजली होती,” ते म्हणाले.

मागून माका म्हणाला, “बाबा, तुमची हाडं वाटून द्या ना. गुडघा लेविनला, कोपर टोकोरोआला.” आईने त्याच्या डोक्यात चापट मारली, पण तोंड खिडकीकडे करून.

शेवटी ओमारू, समुद्र ओलांडून पार दक्षिणेला. हाडांत शिरणारी थंडी, पण आपल्या लोकांची घरं कोरडी, शेकोट्या पेटलेल्या, आणि मांसाच्या कारखान्यात बाबांच्या चुलतभावांची अर्धी फौज. दवाखान्यात काउंटरवर आपल्या हापाई बेटांवरची, आपलीच भाषा बोलणारी एक बाई निघाली. मी बाहेर गाडीत. आई कितीतरी वेळ आलीच नाही. मी घाबरून उतरणार तोच बाहेर आली, हातात हवं तेच औषध, आणि म्हणते, “तिची सून अगदी माझ्यावर गेलीय म्हणे, मुळीच ऐकत नाही!” त्या दुपारी बाबा भाषणात स्वतःच रडले, त्यामुळे तो शब्द सगळ्यात पक्का धरला गेलाय.

आता टोकोरोआच्या गायकांनी खर्जाची जागा बाबांसाठी रिकामी ठेवलीय. ओमारूत एका खोलीला रंग दिलाय. लेविनवाले आमच्या नावाने एक डुक्कर पोसताहेत आणि दर रविवारी त्याचा फोटो पाठवतात. ते फार वाढलंय. बाबा फोटो बघतात, उसासा टाकतात आणि म्हणतात, कालो ठरवेल. मला काहीच ठरवायचं नाहीये. मला सगळी गावं सारखीच. मी फक्त कळवतेय.

फोनवरच बोलले असते, पण तुमचा फोन चर्चच्या पायरीवर उभं राहिल्याशिवाय लागत नाही आणि त्या पायरीवर सगळं गाव बसलेलं असतं. म्हणून तिकडे निघालेल्या शेजारच्या फिफिता मावशींबरोबर पत्र पाठवतेय. त्या महिनाअखेर इकडे परत येतील. त्यांना कोंबडी खाऊ घाला, पण काही विचारू नका.

तुमची भाची,
कालोलाइने

ता. क. – सगळी गावं सारखीच, हे खोटं लिहिलं. ओमारू. कृपा करून बाबांना फिफिता मावशींबरोबर तसा निरोप धाडा. थोरल्या बहिणीच्या शब्दापुढे ते मान वर करत नाहीत, आणि उरलेल्या दोन गावांना ‘आमच्या ताईचा हुकूम’ एवढं सांगितलं की कोणी रागावणार नाही. लेविनच्या डुकराचं काय करायचं तेही तुम्हीच सांगा.

ता. क. – थकवा आला म्हणून गाडीत बसले, हेही खरं नाही. थकवा होताच, पण बसले ते ऐकायला. आई कोणत्या गावात मला हाक न मारता हवं ते घेऊन येते, ते मला बघायचं होतं.

ता. क. – मला इथे शिक्षिकेच्या शिक्षणाला जागा मिळालीय, फेब्रुवारीपासून. फिफिता मावशी त्यांच्या घराची मागची खोली देतायत. ती कोरडी आहे. मी ओमारूला जाणार नाही. घरात अजून कोणाला माहीत नाही. जमलं तर हेही तुमच्या हुकमात घाला. नाही घातलं तरी मी रागावणार नाही, फक्त मला एकटीला बोलावं लागेल. निरोपाचं जेवण आपल्या चर्चमध्येच आहे, आणि बाबा एकदा आभाराला उभे राहिले की माझाही शब्द ओमारूला देऊन बसतील. म्हणून रविवार, सात डिसेंबरला, ताटं उचलली की त्यांच्याआधी मी उभी राहणार आहे.