माडीवरचा गारठा

८ जानेवारी १९५७, गिरगाव

आज कामावर रुजू झाले. परळच्या चाळीतून ट्रंक घेऊन निघताना आईचे डोळे भरून आले, मी मात्र खुशीत होते. पाठारे प्रभूंचं दुमजली घर. राहणारी माणसं दोनच, मनमोहनराव आणि त्यांच्या आई राजलक्ष्मीबाई. बाईंना संधिवात आहे. त्यांची शुश्रूषा करायची, माडीवर त्यांच्याच खोलीत झोपायचं. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याचं मी आधीच सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, पाणी कोमट आण म्हणजे झालं. आणि माझ्या हातचं पाणी घटाघटा प्यायल्या.

१० जानेवारी

उत्तरेचा वारा सुटलाय. मनमोहनरावांनी बाईंसाठी विजेचा हीटर आणला. कोळशाची शेगडी या घरात नको, असं म्हणाले. हीटर पलंगापासून लांब ठेवायचा, त्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत, बाईंना डुलकी लागली की बंद करायचा. दुपारभर तार लालभडक होती, तरी खोली तापली नाही. हीटरपुढच्या सतरंजीला हात लावला. ओली वाटावी इतकी गार.

१२ जानेवारी

हीटरजवळ बसून तेल कोमट करत होते. बाई हळूच म्हणाल्या, "कांता, जरा बाजूला हो. सूनबाईला शेकू दे."

सतरंजी मधोमध दबलेली होती. तिथं कोणी नव्हतं.

संध्याकाळी मनमोहनरावांना विचारलं. त्यांची बायको उर्मिला गेल्या हिवाळ्यात याच खोलीत गेली. हिवतापातून उठली होती, सारखी कुडकुडायची. दारं-खिडक्या लावून तिनं शेगडी पेटवली. कोळशाचा तो वायू कोंडला की कळत नाही, झोप लागते आणि माणूस उठत नाही. एवढं सांगून ते खाली निघून गेले.

१४ जानेवारी

हीटरची तार जळाली. मोर्चामुळे दुकानं बंद. बाईंचे ओठ निळे पडले, दात वाजायला लागले. मनमोहनरावांनी शेवटी माळ्यावरची शेगडी काढली. काहीही झालं तरी खिडकी उघडी ठेव, असं बजावून ते ओळखीच्या मिस्त्रीकडे गेले.

दुपार

खिडकी लागली. उघडली. परत लागली. मध्ये पाट अडकवला, तो कोणीतरी काढून खाली ठेवला. आपटला नाही, ठेवला. बाई म्हणतात, तिला वारा सोसत नाही.

डोकं जड झालंय. बाईंना झोप येतेय. झोपू देता कामा नये—

बाईंना ओढत जिन्यापर्यंत नेलं. त्या वाचतील. शेगडी विझवायला आत आले आणि दार लागलं. कडी हलत नाही. खिडकीही नाही. काच फुटत नाही.

तांब्याभर पाणी ओतलं. निखारे तसेच.

बाई बाहेरून दार ठोठावताहेत. माझं नाव घेताहेत, मग तिचं. लिहीत राहिले म्हणजे जागी राहीन—

सतरंजीवर ती बसलीय. पाठमोरी. हात शेगडीवर धरलेत.

पायांत बळ नाही. मलाच थंडी का वाजतेय—

तिनं वळून पाहिलं नाही. नुसती सरकली. माझ्यापुरती जागा—