पोत : पाचपैकी पाच

३ मार्च, सोमवार

नव्या घरातली पहिली सकाळ. दोन खोल्या, न्हाणीघर आतच, आणि खिडकी अशी की टेबलाशी बसल्या बसल्या समोरचा सायकल दुरुस्तीवाला चाकं फिरवून बघताना दिसतो. सामान सगळं मिळून सहा खोकी आणि एक गादी. घरमालकीण काकू खाली राहतात. चाळीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या, त्यामुळे वर आल्या तेव्हा आधी माझ्या डोळ्यांखाली बघितलं आणि मग किल्ली दिली. म्हणाल्या, झोप कमी पडतेय तुम्हाला, इथे शांत आहे, लागेल हळूहळू. मला आवडल्या त्या.

उद्यापासून नवी नोकरी, तीही घरबसल्या. तेरा वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, ह्यांच्या आजारपणात ते काम सुटलं ते सुटलंच. आता एका ऑनलाइन दुकानासाठी वस्तू वापरून बघायच्या आणि अभिप्राय लिहायचे. उशा, मिक्सर, पायपुसणी, जे येईल ते. संपादिका बाई फोनवर आगगाडीसारख्या बोलतात. अट एकच, खरं लिहा. जाहिराती लिहायला त्यांच्याकडे वेगळी माणसं आहेत म्हणे.

हे जाऊन दोन वर्षं झाली. आज भांडी लावताना मी चक्क गुणगुणत होते. आपलाच आवाज ऐकून दचकले आणि मग हसले.

५ मार्च, बुधवार

तीन पार्सलं आली. एक उशी, एक मान शेकायची पिशवी. तिसरं उघडलं आणि पहिल्यांदा वरचा पत्ता तपासला. माझाच होता.

बॉक्सवर वादळी समुद्राचं चित्र आणि खाली लिहिलेलं, की हा खोल पाण्यातला नागराजा, सात वर्षांतून एकदा किनाऱ्यावर येतो. आत मऊ कापडात गुंडाळलेली सिलिकॉनची वस्तू. दीड वीत लांब, गडद हिरवी, टोकाकडे जांभळट होत गेलेली. बुडाला सपाट बैठक. अंगभर खवले, एकावर एक चढलेले, वर लहान आणि खाली मोठे. कशासाठी आहे ते कळायला चष्मा लागला नाही.

संपादिका बाईंना फोन केला. त्या अजिबात गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, करारात वैयक्तिक वस्तू असं लिहिलंय, तुम्ही वाचलं नाहीत का. मुद्रितं तपासणाऱ्या बाईने स्वतःचाच करार न वाचता सही केली होती. लिहायचं नाव त्यांनीच ठरवलंय, चांदणी. शेहेचाळिसाव्या वर्षी चांदणी.

इतक्यात काकू वर आल्या. मी बॉक्स उशीखाली ढकलला. काय काय आलं म्हणून त्यांनी सहज विचारलं, तर मी शेकायची पिशवी दोनदा दाखवली.

७ मार्च, शुक्रवार

दुपारी पडदा ओढला, दाराला आतून कडी लावली, ती दोनदा तपासली. फोन पालथा ठेवला. भिंतीवर ह्यांचा फोटो अजून लावलेला नाही, खोक्यातच आहे, ह्याचं बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

जे झालं ते इथे लिहिणार नाही. काम म्हणून केलं, एवढंच लिहिते. आणि पुढचं वाक्य खोडणार होते, पण राहू दे. काम म्हणून केलेल्या गोष्टीनंतर माणूस तोंडावर उशी दाबून रडत नाही.

अभिप्राय पाठवला. 'वजन जाणवतं, पण जड नाही. अंगाची ऊब पटकन घेते. साबणाने सहज धुतली जाते. खवल्यांची खरखर आधी परकी वाटते, मग हवीशी. पोत : पाचपैकी पाच.'

१० मार्च, सोमवार

अभिप्राय छापून आला. संपादिका बाई खूश, म्हणाल्या की एवढं प्रामाणिक कुणी लिहीत नाही. चांदणीचं कौतुक वाचताना माझे कान तापले होते.

शनिवारीही कडी लावली. रविवारीही. आता काम नव्हतं. धुऊन, टॉवेलात गुंडाळून कपाटाच्या खालच्या खणात ठेवते, वर दोन स्वेटर. आज बाहेरून आले तर हात आपोआप त्या खणाकडे गेला. एवढी मोठी बाई मी.

१२ मार्च, बुधवार

संपादिका बाईंचा निरोप आला. बाकीच्या ग्राहकांच्या मते खवले मऊ आणि गुळगुळीत आहेत, खरखर कुणालाच जाणवलेली नाही. तुमचा नग सदोष आहे का, फोटो पाठवा.

खिडकीपाशी उजेडात नेऊन बघितलं. खवले लहान झालेत. पहिल्या दिवशी खालचा खवला अंगठ्याच्या नखाएवढा होता, मला नीट आठवतं. आता तांदळाएवढे आहेत आणि त्यांच्या कडा उचलल्यात, जुन्या भिंतीच्या रंगाच्या पोपड्यांसारख्या. हिरवा रंगही फिका, मातकट पडलाय.

टॉवेल झटकला तर जमिनीवर पांढरा भुसा पडला. सिलिकॉनचा कोंडा पडत नाही. मी केरसुणीने गोळा केला, कागदावर घेतला आणि बोटाने दाबून बघितला. चुरा झाला.

फोटो पाठवला नाही. पाठवला असता तर टॉवेलात किती वेळा गुंडाळलंय हेही दिसलं असतं, असं काहीतरी वाटलं.

१३ मार्च, गुरुवार

काकू जिन्यात भेटल्या. विचारलं, वर कुणी आजारी पाहुणे आलेत का. मी नाही म्हटलं. तर म्हणाल्या, जिन्यात मलमाचा वास येतो दोन दिवस, सोलवटलेल्या कातडीला लावतात त्या मलमाचा. चाळीस वर्षं तो वास नाकात बसलाय, त्यात माझी चूक व्हायची नाही.

माझं तोंड पांढरं पडलं असणार, कारण त्यांनी माझी नाडी बघितली.

वास खणातून येतोय. मीही तो ओळखते.

१५ मार्च, शनिवार

आज मी ते टेबलावर ठेवलं आणि समोर बसले.

खवले आता नाहीतच. कोरडी, भेगाळलेली कातडी आहे. मध्यावर एक निळसर शीर. शिरेच्या बाजूला, बोट आणि अंगठा ह्यांमधलं अंतर असतं तेवढ्यावर, सुईचा काळा ठिपका, भोवती पिवळी पडलेली जुनी जखम. उजव्या हाताला शीर मिळेना म्हणून सलाइन डाव्या हाताला लावलं होतं. तिसऱ्या खेपेला शीर सापडली तेव्हा ती जखम झाली. मी तिथे उभी होते.

लिहूनच टाकते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शेवटच्या चार महिन्यांत ह्यांची सगळी कातडी कोरडी पडून सुटायला लागली होती. चादरीवर रोज कोंडा. एका दुपारी मी औषध देऊन उठत होते, तेव्हा ह्यांनी माझं मनगट धरलं. काही मागत नव्हते. नुसतं धरलं. आणि मला शिसारी आली. मी हात झटकला, पाल अंगावर पडल्यावर झटकतात तसा. मग न्हाणीघरात जाऊन मनगट साबणाने धुतलं. दार उघडं होतं. हे बघत होते.

नंतर नऊ दिवस होते. त्या नऊ दिवसांत ह्यांनी माझ्याकडे हात केला नाही. पाणी हवं असलं तर डोळ्यांनी सांगायचे.

ह्यांच्या हाताची ती खरखर मला सोसली नाही. आणि तीच खरखर मी दाराला कडी लावून — तिलाच मी पाचपैकी पाच दिले.

१७ मार्च, सोमवार

टाकायला गेले होते. वर्तमानपत्राच्या चार घड्यांत बांधलं, पिशवीत घातलं, बाजारामागच्या मोठ्या कचरापेटीपर्यंत चालत गेले. भर सकाळ, लोकांची वर्दळ. सायकलवाल्याने हात केला, मी मान खाली घातली.

पेटीवर पिशवी धरली. कागदाच्या आतून माझी दोन बोटं धरली गेली. जोर नव्हता. आजारी माणूस धरतो तसं, सोडवायला गेलं तर लगेच सुटेल इतकं हलकं.

सोडवता आलं असतं. खरं तेच लिहायचं तर, मी सोडवलं नाही. एकदा झटकलाय, दुसऱ्यांदा हात उठेना. तिथेच किती वेळ उभी होते कोण जाणे. कचरा उचलणारी बाई म्हणाली, टाकायचं नसेल तर बाजूला व्हा.

परत आणलं. टोकाला आता नखं आहेत.

१८ मार्च, मंगळवार

वन्संचा फोन. ह्यांच्या थोरल्या बहिणीचा. गुडघे दाखवायला इथल्या डॉक्टरांकडे येतायत, दोन दिवस राहतील. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि या म्हणाले.

ह्यांच्या आजारपणात त्या चार महिने आमच्याकडे होत्या. रोज दोनदा मलम चोळायच्या, हातमोजे न घालता. त्यांना आजवर असंच वाटतं की मीही तेवढंच केलं. आजही म्हणाल्या, तू होतीस म्हणून तो सुखाने गेला.

खणाला कुलूप लावलं. किल्ली ब्लाउजात.

आतून चाहूल लागते. नखाने लाकूड खरवडल्याची. हळू. ह्यांना कधीच कुणाला त्रास द्यायला आवडायचं नाही.

१९ मार्च, बुधवार

वन्सं आल्या. चहा झाला. घर छान आहे म्हणाल्या. मग नाक वर करून थांबल्या आणि विचारलं, त्याचं मलम अजून ठेवलंयस का गं.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

त्यांचे डोळे भरून आले. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मग त्यांनी नवं काम कसलं म्हणून विचारलं. उशा, म्हटलं. पिशव्या.

रात्रभर कपाटाला पाठ लावून बसले. खरवडणं थांबलं नाही. वन्सं झोपेत म्हणाल्या, आले रे, आले.

२० मार्च, गुरुवार. सकाळ

न्हाणीघरातून लिहितेय. कडी लावलीय.

आंघोळ करून बाहेर येते तर खण उघडा. किल्ली माझ्याच कपड्यांत होती, त्या काढलेल्या —

वन्सं खुर्चीवर बसल्यात. मांडीवर टॉवेल. टॉवेलावर तो.

ओरडल्या नाहीत. हे काय, कुठून आणलंस, काहीच विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, किती कोरडा पडलाय, तुझं लक्ष कुठे असतं. आणि चोळायला लागल्या. कोपरापासून खाली. कोपर आहे आता त्याला.

मी आत पळाले.

थोड्या वेळाने

दाराशी येऊन बोलतायत. शांतपणे. म्हणतात, तो रागावलेला नाही. एवढंच विचारतोय की त्या दुपारी साबणाने का धुतलंस.

हे कुणालाच माहीत नव्हतं. फक्त ह्यांना आणि मला. आणि ह्या वहीला.

मी सांगितलं. दाराच्या आतून सगळं सांगितलं. शिसारी आली म्हणून. आणि चांदणीचंही सांगितलं. मोठ्याने. काकूंनाही खाली ऐकू गेलं असेल. जाऊ दे. मग वन्सं म्हणाल्या, मला आता गुडघ्यांमुळे बसवत नाही, माझे हात भरून आले, आता तू घे.

दाराखाली चार बोटं फट आहे —

थोड्या वेळाने

आलाय फटीतून. पालथा. मग उताणा झाला. काही मागत नाही. नुसता पसरून ठेवलाय.

मी धरला.

खरखरीत आहे. गरम आहे. रडू येतंय आणि बरं वाटतंय, दोन्ही एकदम, लाज वाटायलाही जागा नाही —

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर नीट नाही. वन्सं म्हणतात, सोडवू नकोस, त्याला झोप लागू दे.

किती वेळ झाला. बोटं आखडली. जरा सैल केली, तर पकड —

आता हलकी नाही.

वन्संना हाक मारली. त्या म्हणतात, नऊ दिवस. नऊ दिवस त्याने वाट बघितली, तू नऊ दिवस —

मनगटाला खाज. बघितलं. माझ्या कातडीवर कडा उचलल्यात. तांदळाएवढ्या. फरशीवर भुसा, तो त्याचा की माझा —

कोपरापर्यंत. साबण हाताशी आहे, पण

तो बघतोय. दार बंद आहे तरी मला कळतंय, तो बघतोय, मी साबणाला हात लावते का ते. नाही लावणार. नाही हो, नाही लावणार, फक्त जरा सैल —