कुंपणाआतलं गवत

डालगेटी,
६ डिसेंबर २०१९

ती. एनिडआत्यास,
डूगलचा नमस्कार. वि. वि. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून हे पत्र.

सलग तिसरं वर्ष कोरडं चाललंय, आणि उन्हाळा आत्ता कुठे लागलाय. बाबांच्या वाणाच्या शेवटच्या मेंढ्या तेवढ्या राखल्यात, बाकी सगळ्या विकल्या. माळावर आफ्रिकेतलं ते राठ गवत सोडून काही उरलं नाही, आणि त्याला मेंढी तोंड लावत नाही. आपलं कांगारू गवत दिसतं ते फक्त कबरस्तानात, तुझ्या कुंपणाआड, गुडघाभर.

आत्या, फाटकाची किल्ली दे. पाऊस येईपर्यंत मेंढ्या आत सोडतो, नाहीतर याही विकाव्या लागतील. तिथे निजलेल्या विल्फकाकांना राग येणार नाही. जिवंतपणी त्यांनी कोणाला नाही म्हटलं नाही, तुला, त्यांच्या बायकोला, तर नाहीच.

माया आहेच, या वेळी थोडी जास्त कर.
तुझा,
डूगल

कूमा,
११ डिसेंबर

चि. डूगल यास आशीर्वाद.

नाही म्हणजे नाही! तुझ्या बापाशीही मी याच फाटकावरून भांडले. कीथने मेंढ्यांपायी सगळा माळ बोडका केला आणि मी बोंबलत राहिले. धाकटा भाऊ, ऐकतोय कशाला! तेवढा एक तुकडा मी वाचवला. तिथे कधी खूर पडला नाही, म्हणून तिथे गवत आहे. परवा आमच्या वृद्धाश्रमाची गाडी त्या रस्त्याने गेली. उन्हात सोन्यासारखं उभं होतं. शेजारच्या बाईला मी मोठ्या तोऱ्यात दाखवलं.

मेंढ्या वीक. मलाही वाईट वाटतं रे, दगड नाही मी. पण हे बी गेलं, तर उद्या पाऊस येऊनही माळावर उगवणार काय? किल्ली पाठवतेय, ती फक्त बी काढायला. जानेवारीत उशीचा अभ्रा घेऊन जा आणि दरवर्षीसारखं ओरबाडून आण.

वेळेवर जेव. रागावलास तरी म्हातारीला टाकू नकोस.
तुझी आत्या,
एनिड

डालगेटी,
१९ जानेवारी २०२०

ती. आत्यास नमस्कार.

तुझं ऐकलं. मेंढ्या गेल्या. टास्मानियाच्या पाइक नावाच्या माणसाने घेतल्या. वाण मोडणार नाही म्हणाला. मलाही कामाला ये म्हणाला, कारण त्या दुसऱ्या कोणाच्या हाकेला येत नाहीत. मी नको म्हटलं. तुला आणि कबरींना टाकून कुठे जाऊ?

मग अभ्रा घेऊन कबरस्तानात गेलो. वणव्यांच्या धुराने दुपारीच अंधारून आलं होतं. कणसं चोळली, तर पोकळ. एक दाणा नाही. झुबका धरून ओढला, तो अलगद हातात आला. दुसराही तसाच. मुळं कधीच मेलेली, वरचं नुसतं उभं. विल्फकाका आणि बाबांच्या कबरींच्या मधे मात्र ते आफ्रिकेतलं गवत हिरवंगार फुटलंय.

मेलेल्या गवतावर पहारा ठेवलास आत्या, आणि माझ्या जिवंत मेंढ्या गेल्या. त्यांनी ते खाल्लं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं? लिहिणार नव्हतो, पण सांगू कोणाला?

राग उतरला की नीट लिहीन.
डूगल

कूमा,
२५ जानेवारी

चि. डूगल यास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. जन्मभर मी कीथला बोल लावला. भाऊ होता, म्हणून शिव्या तरी देता आल्या. आता या उन्हाला कुठे गाठून शिव्या देऊ? उन्हाळे भाजून काढतात, हिवाळेही पूर्वीसारखे गोठवत नाहीत, हे मला खिडकीतूनही दिसत होतं. पण माझ्या कुंपणाच्या आत ऊन शिरणार नाही, असंच मी धरून बसले होते. वेडी कुठली!

तू हवं तेवढं रागाव, तुझा हक्कच आहे. पण आधी त्या पाइकला फोन कर आणि जागा आहे का विचार. तिकडे अजून गारवा आहे म्हणतात. गवताला उठून जाता येत नाही, तुला येतं. कबरींचं मला सांगू नकोस. त्यांच्याजवळ मी आहे, आणि लवकरच कायमची असेन.

पोचलास की पत्र टाक. तुझं सामान, तुझी खोली, ते सगळं मागाहून. मेंढ्यांनी तुला ओळखलं का, तेवढं आधी लिही.

तुझी आत्या,
एनिड